चेनसॉ आली, हेल्मेट मागे राहिलं

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं, तेव्हा मोठी शोभायात्रा निघाली होती. इथल्या सागाचा मान आहेच तेवढा. पण साग पाडणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, पायात बूट होते की चप्पल, अशी चौकशी सहसा कुणी करत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याला कामावर लावणाऱ्यांसाठी तर जास्तच.

आवाजाचा घोळ

जंगल कामगार सहकारी संस्थेचं कूप असो, वन विकास महामंडळाची विरळणी असो की गावातल्या चिंचेची छाटणी, कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत मागे पडून आता चेनसॉ हाती आली आहे. कुऱ्हाडीचं काम हळू चालायचं. झाडाने पहिली कडकड केली की ती कानावर यायची आणि बाजूला व्हायला वेळ मिळायचा. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. त्यात झाडाचा इशारा बुडतो आणि सोबत्याची हाकही. म्हणून मशीनवर एकट्याने काम करायचंच नाही. दुसरा माणूस सुरक्षित अंतरावर उभा राहून फक्त शेंड्याकडे आणि कापाकडे बघेल. थांबायची खूण म्हणून लांब काठीने खांद्याला स्पर्श करायचा, हे आधीच ठरवून ठेवावं. चालत्या मशीनवाल्याला मागून हाताने धरणं म्हणजे दोघांचाही घात.

आधी वर बघा

कापायच्या झाडाभोवती एक चक्कर मारा. वाळकी फांदी वर अडकून बसलेली आहे का? पळसवेल किंवा चांबुळीच्या वेलाने दोन-तीन झाडांचे शेंडे एकत्र बांधले आहेत का? तसं असेल तर एक झाड पडताना शेजारच्याची फांदी मोडून खाली आणतं, आणि ती कुठे पडेल याचा नेम नसतो. असे वेल आधीच तोडून ठेवलेले बरे. उंच सावरीवर किंवा अर्जुनावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ते झाड सोडून द्या. खाली उभा असलेला पळू तरी शकतो, झाडावर दोराला बांधलेला माणूस पळणार कुठे?

बुंध्यावर कुऱ्हाडीचा तुंबा मारून बघा. भरीव खोड खणखणीत वाजतं, पोकळ खोडाचा आवाज बसका येतो. पोकळ झाड कसं पडेल हे कापणाऱ्याच्या हातात नसतं, ते अनुभवी माणसावर सोपवा.

मग पळवाट. झाड ज्या दिशेला पाडायचं, तिच्या नेमकं उलट सरळ मागे पळायचं नाही, कारण बुंधा उसळून मागेच येतो. मागे तिरपं, डाव्या किंवा उजव्या हाताला निघायचं. ती वाट कापण्याआधीच झुडपं आणि सागाचा पाचोळा काढून मोकळी करा. वाळल्या पानांवर पाय घसरतो आणि त्याच पानांखाली घोणस बसलेली असते. कापणारा आणि त्याचा सोबती सोडून इतर सर्वांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर राहावं.

खाच, बिजागरी, पाचर

छातीच्या उंचीवर पाच फूट गोलाईचा साग घ्या. त्याचा व्यास साधारण ४८ सेंटिमीटर भरतो. पाडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची. तिची खोली व्यासाच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १२ ते १६ सेंटिमीटर. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर, आडवा काप. हा काप खाचेपर्यंत न्यायचा नाही. मधे पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटं जाड लाकूड शिल्लक ठेवायचं. हीच झाडाची बिजागरी. झाड तिच्यावर वळतं आणि ठरलेल्या बाजूला जातं. घाईत ती कापून टाकली की झाड स्वतःच्या मर्जीने पडतं. ‘थोडंसंच उरलंय, उडवून टाक’ हे वाक्य कूपात ऐकू आलं की काम थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागचा काप थोडा आत गेला की त्यात पाचर ठोका, म्हणजे झाड मागे बसून मशीन अडकणार नाही. पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची हवी. लोखंडाची असेल तर साखळी तिला लागून तुटते.

मशीन दोन्ही हातांनी, अंगठा दांड्याखाली घालून धरायची. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका. तिथे साखळी अडली की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येते. साखळीचा ब्रेक तेवढ्यासाठीच असतो, रोज सकाळी तो तपासा. पेट्रोल भरताना मशीन बंद करून गार होऊ द्या. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, आणि वाळक्या पाचोळ्याला तापलेला सायलेन्सरही पुरतो.

अडकलेलं झाड

पडता पडता झाड दुसऱ्या झाडाच्या फांदीत अडकतं, आणि दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच. त्याच्या खालून जाऊ नका, त्यावर चढू नका, आधार देणारं झाड तर मुळीच कापू नका. लांबून दोर किंवा साखळी बांधून ट्रॅक्टरने बुंधा मागे ओढायचा. कमलापूरचे हत्ती एके काळी जंगलातली लाकडं ओढत, ती सोय आता नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत दोरी बांधून ती जागा बंद ठेवा, मग दुसरा दिवस उजाडला तरी चालेल.

अंगावर काय हवं

हेल्मेट, जाळीचा पडदा, कानांवर मफ, टोकाला पोलाद असलेले बूट, आणि मांडीवर बांधायचं चेनसॉचं संरक्षक कापड. त्या कापडातले धागे साखळीत गुंतून ती जागीच थांबवतात. पूर्ण पँट इथल्या उन्हात सोसवत नाही, तेव्हा फक्त पुढून बांधायचं घ्यावं. साखळी सेकंदाला २० मीटर धावते, नेहमीची पँट तिच्यापुढे टिकत नाही. गळ्यातला दुपट्टा मात्र मशीनजवळ नको. कंत्राटदार मशीनवर हजारो रुपये घालतात आणि या सामानाला ‘सवय नाही पोरांना’ म्हणतात. सवय लावायला सामान आधी आणावं लागतं.

वाघ, हत्ती, ऊन

वाकून काम करणारा माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही. वडसा-ब्रह्मपुरी-भंडारा भागातल्या सीटी-१ या वाघाने १३ माणसं मारली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पकडलं. २०२१ पासून गडचिरोलीत रानहत्तीही फिरत आहेत. बीटगार्डला विचारूनच कूपात शिरा, टोळीने राहा, शौचालाही एकटं जाऊ नका, उन्हं कलायच्या आत निघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. कापणी पहाटे उरका, दुपारी सावली धरा. चक्कर येणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका.

तारेजवळची फांदी

शहरात पावसाळ्याआधीच्या छाटणीत धोका विजेच्या तारेचा. महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्या. ‘लाइन गेली आहे’ या कुणाच्या तोंडच्या शब्दावर फांदीला हात लावू नका. परवानगीही बघा. पालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. आदिवासी खातेदाराच्या मालकी जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे.

जखम झाली तर

वाहतं रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. माणसाला चालू न देता दवाखान्यात न्या. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणून १०८ चा फोन कोणत्या टेकडीवर लागतो आणि हेमलकशाचा दवाखाना जवळ की तालुक्याचा, हे सकाळीच ठरवा. गाडी कूपाच्या तोंडाशी उभी ठेवा.

कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, ती १९२३ च्या कायद्यापासून ठरलेली आहे. ती मिळवायला तुम्ही त्या दिवशी तिथे कामावर होता, हे दाखवावं लागतं. तेव्हा मशीन सुरू करण्याआधी हजेरीवर आपलं नाव लागलं का, ते स्वतः बघा.