गिटार विवर्धक
विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत वाढवून तो ध्वनिक्षेपकास पुरविणारे साधन. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाद्यवृंदाने १०० वॉटचे व्हॉक्स विवर्धक वापरले, तरी सु. ५५,००० श्रोत्यांच्या गलक्यात वादन नीट ऐकू आले नाही. आता मोठ्या कार्यक्रमांत विवर्धकासमोर मायक्रोफोन ठेवून तो ध्वनी सभागृहाच्या ध्वनिवर्धन यंत्रणेमार्फत श्रोत्यांपर्यंत पोहोचवितात. त्यामुळे इलेक्ट्रॉन नलिकांचा १५ ते ३० वॉटचा विवर्धकही बहुधा पुरेसा होतो. निवड करताना ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमताही पाहणे आवश्यक असते. तीत ३ डेसिबेलची वाढ म्हणजे दुप्पट शक्ती मिळविण्यासारखेच होय.