मोटर तीच, बॅटरी तीच; कस कल्पकतेचा

सगळ्या संघांना विजेची मोटर सारखीच आणि बॅटरीही सारखीच. बाकी बोट कशी बांधायची, ते ज्याचे त्याने ठरवायचे. स्वित्झर्लंडच्या हायड्रॉस फाउंडेशनने २०१४ मध्ये लोझान येथे, जिनिव्हा सरोवराच्या पाण्यात सुरू केलेल्या ‘हायड्रोकॉन्टेस्ट’ या विद्यार्थी स्पर्धेचा हा मूळ नियम. गट मुख्यतः दोन : २० किलो वजन वाहणाऱ्या बोटींचा आणि २०० किलो वाहणाऱ्या बोटींचा. नियंत्रण काठावरून, रिमोटने. जास्त ताकदीची मोटर बसवून पुढे निघून जाण्याची वाटच बंद असल्याने, आहे त्या ऊर्जेत सर्वांत चांगले काम कोण करून घेतो यावर निकाल ठरे. मालवाहू जहाजांपुढचा आजचा प्रश्न नेमका हाच आहे.

आकारमानाच्या हिशेबाने जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासानुसार, २०१८ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी २.८९ टक्के वायू जहाजांतून बाहेर पडले. २०५० च्या सुमारास हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय संघटनेने २०२३ मध्ये ठरवले. मालवाहू जहाज साधारण पंचवीस वर्षे चालते. म्हणजे आज आराखड्यावर असलेली जहाजे २०५० मध्येही समुद्रावर असतील.

जहाजाची ताकद मुख्यतः दोन गोष्टींत खर्ची पडते : तळाशी होणारे पाण्याचे घर्षण आणि जहाज पुढे जाताना उठणाऱ्या लाटा. लाटा उठवायलाही ऊर्जा लागते आणि ती इंजिनातूनच जाते. वेग वाढला की हा खर्च भराभर वाढतो. ढोबळमानाने लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो हे धरूनही एका फेरीचे इंधन सुमारे १९ टक्क्यांनी वाचते. म्हणूनच इंधन महाग झाले की जहाज कंपन्या आधी वेग उतरवतात.

तळ पाण्याबाहेर उचलला तर घर्षणही नको आणि लाटाही नकोत, असे कोणालाही सुचेल. हायड्रोफॉइल म्हणजे पाण्याखालचे पंख. ते हेच करतात. हलक्या, वेगवान बोटीला ते शोभतात. पण बोटीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की वजन आठपट होते आणि पंखांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच. त्याच वेगात ते पंख आता बोट उचलू शकत नाहीत. वेग वाढवावा, तर ताकद हवी. लाखभर टनांचे जहाज पंखांवर चालत नाही, ते यामुळेच. वीस किलोंना लागू पडणारे उत्तर दोनशे किलोंना लागू पडेलच असे नाही, हे हायड्रोकॉन्टेस्टच्या दोन गटांच्या रचनेतूनच विद्यार्थ्याला कळे.

प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की येथील चाचणी-टाकीत पक्के केले. लाटांचे गणित जुळायचे, तर प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावा लागतो. अडीचशे मीटर लांबीचे जहाज २० नॉटने जाणार असेल, तर त्याची अडीच मीटरची प्रतिकृती २ नॉटने ओढायची. घर्षण मात्र या नियमात बसत नाही. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. जगभरातले जहाज-आरेखक आजही याच वाटेने जातात.

इंधन बदलले की प्रश्न सुटेल, असेही म्हटले जाते. पण मिथेनॉलला तेवढ्याच ऊर्जेसाठी जड तेलाच्या सुमारे अडीचपट जागा लागते आणि टाकीने अडवलेली जागा मालाच्या वाट्यातूनच जाते. म्हणून आधी ऊर्जेची गरज कमी करायची आणि मग इंधन बदलायचे, हाच क्रम शहाणपणाचा. वाऱ्याची मदत घेण्यामागेही हाच विचार आहे. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज ३७.५ मीटर उंचीची दोन पोलादी-काचतंतूंची शिडे लावून समुद्रात उतरले. इंजिन तेच, भार मात्र हलका.

आपल्याकडे खरगपूर आणि चेन्नईच्या आयआयटींत, तसेच कोचीच्या विद्यापीठात जहाजबांधणीचे शिक्षण मिळते. महाराष्ट्राकडे न्हावा शेवासारखे मोठे कंटेनर बंदर आहे, माझगावची गोदी आहे. आपली अभियांत्रिकी महाविद्यालये बाहा स्पर्धेच्या गाड्यांसाठी आणि रोबोकॉन स्पर्धेच्या यंत्रमानवांसाठी रात्री जागवतात. तेवढीच जिद्द पाण्यातही उतरावी. त्यासाठी एखादा तलाव, सर्वांना सारखी मोटर, सारखी बॅटरी आणि ठरावीक ओझे पुरे. प्राचार्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे. २०५० ची जहाजे आखणारी पिढी आज वर्गात बसली आहे.