जुन्या जीपला भंगारातलं मागचं एक्सल बसवताय? पैसे मोजण्याआधी दात मोजा

कारापूर : साखळी-डिचोली भागात आजही जुन्या जीप बऱ्याच दिसतात. काही बागायतीत नारळ-सुपारी वाहतात, काही खाणी चालू होत्या त्या काळात कामगार आणि सुपरवायझर यांना घेऊन खड्ड्यात उतरायच्या, आणि काही आता फक्त रविवारी बाहेर निघतात. या गाड्यांचं इंजिन दुरुस्त करणारे मेस्त अजून मिळतात. अडतं ते मागच्या एक्सलवर. हाऊसिंग सडलं, क्राऊन-पिनियन आवाज करू लागले किंवा शाफ्ट तुटला की नवा माल सहज मिळत नाही. मिळाला तर परवडत नाही. मग भंगार धुंडाळणं आलं.

अमेरिकेत जुन्या 'मसल कार' ठेवणाऱ्यांचं असंच असतं. ते लोक भंगारवाल्याकडे जाऊन फोर्डचं नऊ इंची एक्सल शोधतात, किंवा १९९५ नंतरच्या फोर्ड एक्सप्लोररचं ८.८ इंची एक्सल काढून आणतात. कारण त्याला मागे डिस्क ब्रेक असतात आणि शाफ्टही जाड. त्यांच्याकडे मस्टँग, आपल्याकडे जीप. पण घोळ तेच होतात, म्हणून हा लेख.

माझ्या घोळापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या जीपचं मागचं डिफरन्शियल चोर्ला घाटात रडायला लागलं. गाडी उतारावर सोडली की 'उंऽऽ' असा आवाज, पेडल दाबलं की बंद. एका यार्डात मला पूर्ण एक्सल मिळालं. विकणारा म्हणाला, "सेम आहे हो, बिनधास्त घ्या." ड्रम तसाच, बोल्ट तसेच, पाट्यांवर बसलंही व्यवस्थित. दोन महिने गाडी झकास चालली. पावसाळ्यात केरीच्या पुढे रस्त्यावर चिखल आला म्हणून फोर व्हील टाकलं, चिखल संपल्यावर डांबरावर तसाच पुढे गेलो, आणि ट्रान्सफर केसमधून जो आवाज आला तो अजून कानात आहे. पुढचं एक्सल एका रेशोचं, मागचं दुसऱ्या. ट्रान्सफर केसमधला गिअर फुटला. त्या दुरुस्तीला एक्सलपेक्षा जास्त पैसे गेले. यात चूक माझीच, कारण घेताना मी दात मोजले नव्हते.

रेशो म्हणजे काय ते आधी बघू. इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४३ आणि ८ दात असतील तर ५.३८. ३९ आणि ८ असतील तर ४.८८. ४७ आणि ११ असतील तर ४.२७. आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त, वेग कमी.

हा फरक कागदावर छोटा दिसतो. जुन्या ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असताना ५.३८ वर गाडी ताशी सुमारे ५० किलोमीटर धावते, ४.८८ वर ५५ आणि ४.२७ वर ६३. पणजीला रोज जाणाऱ्याला ४.२७ आवडेल, इंजिन ओरडत नाही आणि डिझेल वाचतं. पण भरलेली ट्रॉली जोडून बागायतीचा चढ चढायचा असेल तर तोच माणूस शिव्या देईल. म्हणून 'चांगला रेशो कुठला?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एक गोष्ट मात्र पक्की: फोर व्हील गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे. मागचा बदलायचा तर पुढचाही बदलायचा. तेवढं बजेट नसेल तर जो आहे तोच रेशो शोधा.

यार्डात रेशो ओळखायला झाकण उघडावंच लागतं असं नाही. एक्सल दोन लाकडांवर ठेवा. पिनियनच्या फ्लँजवर आणि हाऊसिंगवर खडूने एकेक रेघ मारा. सोबतच्या माणसाला एका बाजूचा ड्रम घट्ट धरायला सांगा. दुसऱ्या बाजूचा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवा आणि फ्लँज किती फेरे फिरली ते मोजा. पाच आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त भरलं तर ५.३८. पाचाला जरासं कमी पडलं तर ४.८८. सव्वाचार झालं तर ४.२७. दोन फेरे का? एक चाक अडवून दुसरं फिरवलं की क्राऊन निम्माच फिरतो, म्हणून. शंका राहिली तर झाकण उघडून दात मोजा. बऱ्याच क्राऊनवर दातांचे आकडे ठोकलेलेही असतात.

आता कुठल्या गाडीचं घ्यावं? थोडा इतिहास लागेल. महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली १९४७ मध्ये, पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या होत्या. युद्धातल्या विलीज एमबीला मागे स्पायसर २३ जातीचं एक्सल होतं. नंतरच्या सीजे-३बी ला मागे त्याहून दणकट डाना ४४ आलं, ज्याचा क्राऊन साडेआठ इंचांचा. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेल्या उंच बॉनेटच्या जीप त्याच घराण्यातल्या. म्हणजे तुमच्याकडे अगदी जुनी, युद्धाच्या काळातली गाडी असेल तर डाना ४४ हे आपोआप अपग्रेड होतं. सीजे-३बी च्या वंशातली असेल तर तुमच्याकडे चांगलं एक्सल आधीच आहे, फक्त ते धड स्थितीतलं मिळवायचं आहे.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती डिफरन्शियलच्या जागेवर. जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून पुढचं आणि मागचं दोन्ही 'भोपळे' मधोमध नसून उजव्या बाजूला, आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला असतात. ज्या गाड्यांचा प्रोपेलर शाफ्ट मधून जातो त्यांचं एक्सल उचलून लावलं तर शाफ्ट वरून बघता तिरका जातो. वरखाली कोन जीपला आधीच जास्त, त्यात आडवा कोन मिळाला की युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस पटापट जातात. पाच बोल्ट, साडेपाच इंचांचं वर्तुळ जुळलं म्हणून 'बसतं' असं समजू नका. चाकांतलं अंतरही मोजा. जुन्या जीपचं ते सुमारे ४९ इंच आहे. रुंद एक्सल घातलं तर चाकं मडगार्डच्या बाहेर येतात, पावसात सगळा चिखल मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

शाफ्टचे स्प्लाईनही मोजा. जुन्या डाना ४४ मध्ये १०, नंतरच्यात १९, अजून नंतरच्यात ३० असे असतात. एकाचे शाफ्ट दुसऱ्याच्या डिफरन्शियलमध्ये जात नाहीत. सुटे शाफ्ट घेणाऱ्यांनी जुना शाफ्ट सोबत न्यावा, फोटोवर भागत नाही.

माल बघताना मी आता काय करतो ते सांगतो. पिनियनची फ्लँज धरून वरखाली हलवायची. हलली तर बेअरिंग गेलं. आतबाहेर हलली तरी तेच. मग झाकण. तेल दुधासारखं असेल तर पाणी शिरलेलं आहे. तेलात राखाडी साय असेल तर चालतं, पण चमकणारे तुकडे दिसले तर तिथूनच परत फिरायचं. दातांच्या पृष्ठभागावर देवीच्या वणासारखे खड्डे नकोत, निळसर जळाल्याची खूण नको. आपल्याकडे एक जादा कटकट आहे. जे एक्सल चार महिने उघड्यावर पावसात पडलं, त्याच्या बेअरिंगला गंज लागलेला असणारच, बाहेरून रंग कितीही नवा असो. खाणीच्या यार्डातल्या मालाला तर लाल मातीची पुटं असतात. ती खरवडून नळ्या बघा, जिथे नळी मधल्या बीडात जाते तिथे चीर आहे का ते बघा. शेवटी दोन्ही टोकांना दोरी ताणून हाऊसिंग वाकलंय का ते तपासा. वाकलेलं हाऊसिंग सीलही खातं आणि टायरही.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवतात. एका एक्सलचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन लावून 'दात तेवढेच आहेत की' म्हणणारा मेस्त भेटला तर गाडी तिथे सोडू नका. जोडी बसवताना शिम घालून दातांमधला खेळ जुळवावा लागतो, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. त्यासाठी डायल गेज लागतो. रंगाची पेस्ट लावून दात कुठे टेकतात तेही बघावं लागतं. हाताच्या अंदाजावर हे काम होत नाही. ज्याच्याकडे गेज आहे त्याच्याकडे थोडे जास्त पैसे द्यावेत, माझं स्पष्ट मत.

आता अपग्रेडचा खरा मुद्दा. डाना ४४ ची जुनी जात दोन तुकड्यांची आहे: शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर वेगळा हब, मध्ये एक चावी आणि बाहेरून मोठा नट. नट ढिला राहिला तर चावी शाफ्टचा खाचा खाते आणि शाफ्ट तिथेच मोडतो. या रचनेत शाफ्टच चाकाला धरून असतो, त्यामुळे तो मोडला की चाक ड्रमसकट बाहेर येतं. घाटात हे झालं तर पुढचं सांगायला नको. यावर तीन वाटा आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे आहे तेच नीट बांधणं: टेपर स्वच्छ, चावी नवी, नट कमीत कमी १५० फूट-पौंडला, आणि कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. दुसरी वाट एकसंध फ्लँज असलेले शाफ्ट. तिसरी फुल फ्लोटिंग. यात चाकाचा भार हाऊसिंगवरच्या बेअरिंगवर जातो, शाफ्ट फक्त फिरवतो. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहतं. गंमत अशी की युद्धातल्या त्या बारक्या विलीज एमबीचं मागचं एक्सल फुल फ्लोटिंगच होतं!

ट्रॅक्शनसाठी काहीजण डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्डिंगने चिकटवून टाकतात. स्पर्धेच्या चिखलात ठीक, रस्त्यावर नको. वळणावर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लागतात, ओल्या डांबरावर गाडी सरळ जाते. २०१५ पासूनच्या थारमध्ये ईटनचं आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल येतं, पण ते जुन्या हाऊसिंगमध्ये सहज बसेल अशी आशा ठेवू नका.

माल शोधायचा कुठे? गोव्यातली यार्डं संपली की कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आणि बेळगावचं उद्यमबाग ही आपली दोन जवळची ठिकाणं. तिथे शाफ्ट, बुश, हब लेथवर करून देणारे मिळतात. मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार. सरकारी आणि लष्करी भंगाराचे लिलाव एमएसटीसीच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात, पण तिथे बहुधा लॉट घ्यावा लागतो, चारपाच जणांनी मिळून घेतला तरच परवडतं.

पावती घ्याच. दोडामार्ग, बांदा किंवा केरीच्या नाक्यावर मागे एक्सल टाकून तीन राज्यांत फिरताना 'हे कुठून आणलं' असं कुणीही विचारू शकतं. पावतीवर मूळ गाडीचा नंबर लिहून घ्या. गाडी मोडीत काढली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तो कागद दाखवणारा विक्रेता भरवशाचा. त्याच जातीचं एक्सल बदलणं ही दुरुस्ती. वेगळ्या जातीचं बसवायचं तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, कारण कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली 'व्हिंटेज' नोंदणी घ्यायचा विचार असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीला मी तरी अपग्रेडच्या भानगडीत पडणार नाही, जुनं तेच दुरुस्त करीन.

बसवल्यावर हायपॉइड गिअर ऑइल, जीएल-५ प्रतीचं ९० नंबर किंवा ८०डब्ल्यू-९० भरा. वरची ब्रीदरची नळी साफ करा. ती तुंबली की आत दाब वाढतो, तेल सीलमधून ब्रेक लायनरवर येतं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. नवी जोडी असेल तर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून गाडी थंड होऊ द्या, ओझं घालू नका. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तेल बदला, आणि त्याच दिवशी दोन्ही हबचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. कॉटर पिन जुनी वापरू नका.