पंपावर पेट्रोल नाही, बँकेत पैसा नाही!

२००९ सालाचा पहिला पूर्ण आठवडा ५ जानेवारीला सुरू झाला तेव्हा शेअर बाजाराचे ग्रह बरे दिसत होते. तीनच दिवसांपूर्वी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आणला होता, सरकारने अर्थव्यवस्थेला उभारी देण्यासाठी दुसरे पॅकेज जाहीर केले होते आणि जागतिक मंदीने हबकलेला सेन्सेक्स त्या सोमवारी दहा हजारांची पायरी पुन्हा चढला होता.

रस्त्यावरचे ग्रहमान मात्र वेगळे होते. डिझेल स्वस्त करा, अशी मागणी करीत मालवाहतूकदारांनी त्याच सोमवारी देशभर चाके थांबवली. बुधवारी सरकारी तेल कंपन्यांचे अधिकारी वेतनवाढीसाठी संपावर गेले आणि पाहता पाहता मुंबई, दिल्लीतील पंप कोरडे पडले. जिथे पेट्रोल शिल्लक होते तिथे वाहनांच्या रांगा लागल्या. आठवड्याची मुख्य बातमी हीच ठरणार, असे वाटत असतानाच हैदराबादहून एक पत्र आले.

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या बड्या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारीला आपल्या संचालक मंडळाला ते लिहिले होते. भाषा राजीनाम्याची असली तरी मजकूर कबुलीजबाबाचा होता. कंपनीच्या ताळेबंदात रोख आणि बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत, असे पत्रात शांतपणे नमूद केले होते. त्या दिवशी सत्यमचा शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास कोसळला आणि सेन्सेक्स ७४९ अंशांनी घसरला. दुसऱ्या दिवशी मोहरमची सुट्टी होती. बाजार बंद होता म्हणून गुंतवणूकदारांना निदान एक दिवस पडझड पाहावी लागली नाही, एवढाच काय तो दिलासा.

पंपावर पेट्रोल नाही हे स्कूटरवाल्याला दोन मिनिटांत कळते. मग बँकेत पाच हजार कोटी नाहीत, हे वर्षानुवर्षे कुणालाच कसे कळले नाही?

उत्तरासाठी पत्रातील आकड्यांकडे पाहावे लागते. सप्टेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींचे उत्पन्न आणि ६४९ कोटींचा कार्यचालन नफा जाहीर केला होता. प्रत्यक्षात उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा अवघा ६१ कोटी होता. आता वजाबाकी करून पाहा. उत्पन्नातील फरक ५८८ कोटी आणि नफ्यातील फरकही नेमका ५८८ कोटी! खोट्या विक्रीचा हा मोठाच गुण म्हणावा लागेल. तिला पगार द्यावा लागत नाही, वीज लागत नाही, संगणक लागत नाही. बिल फाडले की सगळाच्या सगळा नफा.

पण असे बिल फाडणाऱ्याची खरी अडचण पुढे सुरू होते. बिल केले म्हणजे कुणाकडून तरी पैसे येणे आले. ते कधीच आले नाहीत, तर येणी फुगत जातात आणि एक ना एक दिवस कुणीतरी विचारतो, ‘हे ग्राहक पैसे का देत नाहीत?’ म्हणून काही महिन्यांनी ते पैसे मिळाल्याची नोंद करावी लागते. नोंद झाली की बँकेतील शिल्लक वाढते. एवढी शिल्लक पडून आहे म्हटल्यावर तिच्यावर व्याजही दिसायला हवे. म्हणून पत्रात ३७६ कोटींच्या काल्पनिक व्याजाचाही उल्लेख होता. नसलेल्या गाईचे दूध रोज मापून वहीत लिहावे, तसा हा प्रकार. पुढे तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले आणि बनावट मुदत ठेवींच्या पावत्या उघड झाल्या.

कर्मचाऱ्यांचा पगार मात्र कागदी पैशांतून देता येत नाही. त्यासाठी प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकून रक्कम उभी केली. पत्रानुसार असे १,२३० कोटींचे देणे हिशेबात दाखवलेलेच नव्हते. मंदीत शेअरचा भाव उतरू लागला तसे सावकारांनी गहाण शेअर विकायला काढले. वाघावर स्वार झालेल्याला खाली उतरता येत नाही, ही उपमा राजूंनी स्वतःच पत्रात दिली होती. उपमा चपखल खरी, पण वाघ पाळला कुणी होता, हा प्रश्न तिने सुटत नाही.

वाघावरून उतरण्याचा शेवटचा प्रयत्न आदल्या महिन्यातच झाला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबीयांशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचे एकमताने ठरवले. सत्यम हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की मेटास होते. सत्याचे इतके उघड उलटे रूप फलकावर झळकत असताना कुणाला शंका आली नाही, हे नवलच. योजना अशी की सत्यमच्या पुस्तकातील नसलेली रोकड ‘खर्च’ व्हावी, तिच्या जागी खऱ्या मालमत्ता याव्यात आणि घरचीच माणसे असल्याने मेटासने पैशांसाठी घाई करू नये. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच बेत गुंडाळावा लागला. नंतरच्या दोन आठवड्यांत चार संचालकांनी राजीनामे दिले. त्यांत पेंटियम चिपच्या निर्मितीसाठी ओळखले जाणारे विनोद धाम होते, तसेच हार्वर्डचे प्राध्यापक कृष्ण पालेपूही होते. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी उत्तम कंपनी प्रशासनाबद्दल सत्यमला ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. पत्रानंतर तो मोरही काढून घेण्यात आला.

राहिला लेखापरीक्षकांचा प्रश्न. बँकेत शिल्लक किती, हे तपासण्याची रीत सोपी आहे. लेखापरीक्षकाने थेट बँकेला विचारायचे आणि बँकेने थेट त्याला कळवायचे. मधे कंपनीचा हात लागता कामा नये. सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांनी ही चौकशीची पत्रे पाठवणे आणि उत्तरे मिळवणे हे काम कंपनीवरच सोपवले होते, असा ठपका अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ मध्ये ठेवला. त्या प्रकरणी या संस्थांनी अमेरिकेत एकूण ७५ लाख डॉलरचा दंड भरला. ‘तुझ्या खिशात किती आहेत?’ हे ज्याचा खिसा त्यालाच विचारून उत्तर लिहून घेतले, तर खिसा नेहमीच भरलेला निघणार. सेबीने २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाऊसवर दोन वर्षांची बंदी घातली होती. ती मात्र रोखे अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये उठवली.

त्या आठवड्याचा शेवट वेगवान होता. शुक्रवारी तेल अधिकाऱ्यांचा संप मिटला. त्याच दिवशी केंद्र सरकारने सत्यमचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि आंध्र प्रदेश पोलिसांनी राजूंना अटक केली. रविवारी किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांची नव्या मंडळावर नेमणूक झाली. मालमोटारी पुन्हा धावू लागल्या त्या त्यापुढच्या सोमवारी.

कंपनी बुडाली नाही, हे नव्या मंडळाचे श्रेय. हजारो अभियंत्यांची नोकरी आणि देशाच्या सॉफ्टवेअर उद्योगाची पत पणाला लागली होती. ग्राहक फार काळ थांबणार नव्हते. एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या टेक महिंद्रने शेअरमागे ५८ रुपयांची बोली लावून सत्यम मिळवली आणि २०१३ मध्ये ती स्वतःत विलीन करून घेतली. ज्या सामान्य भागधारकांनी १७९ च्या आसपास शेअर घेतले होते त्यांना ५८ हा आकडा पाहून आनंद मानावा की रडावे, हे ठरवता आले नसेल. सेबीने २०१४ मध्ये राजूंना १४ वर्षे बाजारापासून दूर राहण्याचा आदेश दिला. त्यावरच्या अपिलांचे चक्र पुढे बराच काळ फिरत राहिले. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची कैद आणि पाच कोटींचा दंड ठोठावला. महिनाभरातच वरच्या न्यायालयाने ती शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

एक धागा मात्र उरलाच. खोट्या उत्पन्नावर सत्यमने प्राप्तिकराची विवरणपत्रे भरली होती. नव्या मालकांनी प्रत्यक्ष कर मंडळाला विनंती केली की जे उत्पन्न कधी झालेच नाही ते वगळून कराचा हिशेब पुन्हा करावा. मंडळाने ती नाकारली आणि वाद न्यायालयात गेला. उत्पन्न खोटे असले तरी त्यावरची कराची मागणी मात्र अगदी खरी होती.