पायांची परीक्षा

सरकारी नोकरीची परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड गाइड, अभ्यासिका आणि गुणांची यादी उभी राहते. पण वनरक्षकाच्या भरतीत यादीत नाव लागल्यावरही एक परीक्षा उरते. पुरुष उमेदवाराने चार तासांत 25 किलोमीटर आणि महिला उमेदवाराने तेवढ्याच वेळात 16 किलोमीटर चालून दाखवायचे. या चालण्याला गुण नाहीत. पण जो ते पूर्ण करीत नाही, त्याच्या हातची नोकरी जाते.

नोकरीसाठी चालायचे कशाला, असे कोणी विचारील. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. वनरक्षकाच्या ताब्यात एक नियतक्षेत्र असते. त्यालाच आपण बीट म्हणतो. चोरटी तोड, शिकाऱ्यांचे फास, उन्हाळ्यातला वणवा, वाघ-बिबट्याच्या खुणा, हे सारे पायी फिरूनच पाहावे लागते. जिथे जीप जात नाही, तिथे वनरक्षकाने जायचे असते.

हे काम किती जोखमीचे आहे, ते ताडोब्याने दाखवले. 20 नोव्हेंबर 2021 रोजी व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाट अडवून बसलेली वाघीण दिसताच त्या थांबल्या होत्या, वाट पाहून वळसा घेऊन निघाल्या होत्या. अशा वेळी काय करावे, हे कोणत्या प्रश्नपत्रिकेत विचारणार?

आता गडचिरोलीची दुसरी परीक्षा पाहा. तेथील पोलीस शिपाई भरतीत गोंडी आणि माडिया भाषांवर 100 गुणांचा वेगळा पेपर घेतला गेला आहे. ज्या बोलीला शाळेत हसले जायचे, तीच बोली इथे गुण मिळवून देते. भामरागड-एटापल्लीच्या गावात जाऊन ज्याला तिथल्या आजीचे गाऱ्हाणे समजत नाही, तो तिचे रक्षण काय करणार? वनरक्षकाचा तर रोजचा संबंध याच गावांशी येतो. तरी 2023 च्या वनरक्षक भरतीच्या ऑनलाइन परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी एवढेच विषय होते. पोलिसांना जे सुचले, ते वनखात्यानेही करावे, अशी आमची मागणी आहे.

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो. राखीव जागेवरून आला म्हणून हिणवणारे आजही भेटतात. त्यांनी ही परीक्षा पाहावी. उंचीच्या अटीत अनुसूचित जमातीच्या पुरुषांना 163 ऐवजी 152.5 सेंटिमीटरची सवलत आहे. चालण्याच्या अंतरात मात्र कोणत्याच प्रवर्गाला सूट नाही. ते 25 किलोमीटर सर्वांना सारखेच. कामाला जे लागते ते अंगी असणे, हीच खरी गुणवत्ता. ती कधी कागदावर दिसते, कधी पायांत, तर कधी जिभेवर.

म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींना आमचे सांगणे आहे. धावण्याला गुण आहेत म्हणून फक्त धावू नका. आठवड्यातून एकदा लांब पल्ला चाला. नव्या बुटांनी चाचणीला जाऊ नका. दम टिकावा म्हणून कोणी गोळी किंवा इंजेक्शन सुचवले, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

आणि आईवडिलांनो, पहाटे मुलगा रस्त्यावर धावायला निघाला की त्याला दूध मिळते. मुलगी निघाली की तिला आधी झाडलोट आठवते. त्या चार तासांसाठी तिलाही पोटभर अन्न, चांगले बूट आणि सोबत लागते. ती द्या. जंगल राखायला आपली लेक निघाली, तर तिची पहिली वाट घरातूनच मोकळी झाली पाहिजे.