मराठी पाट्या लागल्या, अक्षरे देखणी कधी होणार?

‘इंग्रजी लोगो तयार आहे. खाली फक्त मराठीत नाव टाका. संध्याकाळी पाटी चढवायची आहे.’ ग्राफिक डिझायनरचा दिवस अनेकदा अशाच निरोपाने सुरू होतो. इंग्रजी बोधचिन्हासाठी महिनोन्‌महिने बैठका झालेल्या असतात, रंगछटांवरून वाद रंगलेले असतात, डझनभर नमुने बाद झालेले असतात. मराठी नावाच्या वाट्याला मात्र एक दुपार येते. त्या दुपारी डिझायनरला काय काय निस्तरावे लागते, याची कल्पना पाटी वाचणाऱ्याला सहसा नसते.

अशा कामांची संख्या अलीकडे वाढण्यामागे एक ठोस कारण आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, अशीही अट घालण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या. परंतु त्यांतील कित्येक पाट्यांवरची अक्षरे घाईने चिकटवल्यासारखी का दिसतात? याचे उत्तर लिपीच्या स्वभावात आणि कामाच्या पद्धतीत दडलेले आहे.

तीन मजल्यांची लिपी

रोमन लिपीतील मोठी अक्षरे एकसारख्या उंचीची असतात. देवनागरी ही तीन मजली लिपी आहे. शिरोरेषेच्या वरच्या मजल्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार राहतात, मधल्या मजल्यावर मूळ अक्षर आणि खालच्या मजल्यावर उकार. ‘कौतुक’ हा एकच शब्द लिहून पाहा. तिन्ही मजले भरतात. ठरावीक उंचीत हे तिन्ही मजले बसवायचे तर मधल्या मजल्याला अंग चोरावे लागते. त्यामुळे संगणकावर दोन्ही लिपींना एकाच मापाचा आकडा दिला, तरी मराठी शब्द डोळ्यांना लहानच भासतो. नियम कागदोपत्री पाळला जातो आणि पाटीवर मराठी दबूनच राहते. म्हणून जाणकार डिझायनर आकड्यावर विसंबत नाही. मूळ अक्षराची उंची रोमन अक्षराच्या बरोबरीला येईपर्यंत तो मराठी शब्द नजरेने वाढवत नेतो.

दुसरी अडचण शिरोरेषेची. अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून नावाला ऐट आणण्याची रीत इंग्रजी जाहिरातींत रूढ आहे. ग्राहकाला तीच ऐट मराठीतही हवी असते. पण देवनागरीत अक्षरे दूर सारली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे सुटे लटकू लागतात. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्या, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रेवर आदळतो. एका लिपीचा अंगरखा दुसरीला चढवला की असे उसवणे अटळ असते.

दर्या की दऱ्या?

रूपापेक्षाही जीवघेणा प्रश्न अर्थाचा असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेला मान आणि ‘आचाऱ्यास’ दिलेले मानधन यांतील अंतर तर सर्वांनाच ठाऊक आहे. मराठीचा हा अर्धा ‘र’ हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये नसेल, तर छापील कागदावर आचारी आणि आचार्य एकाच पंगतीत बसतात.

पहिल्या वेलांटीची कथाही अशीच. ‘किराणा’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी दिसते; संगणकाच्या स्मृतीत मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी अशी नोंद असते. तिला पुढे आणून बसवण्याचे काम सॉफ्टवेअरचे. ही सोय नसलेल्या किंवा सुरू न केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी ‘क’ सोडून ‘रा’ला जाऊन चिकटते. त्यातच ग्राहकाने मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पाठवला असेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी अवतरते. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. मग रूपांतर करा, प्रत्येक जोडाक्षर तपासा आणि शेवटी वैतागून सगळा मजकूर नव्याने टंकलिखित करा, हे ओघाने आलेच.

‘ल’ आणि ‘श’ यांची बाब आणखी सूक्ष्म आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणे असून, शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना त्यांनाच मान्यता दिली. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ‘ल’चा क्रमांक एकच आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद केली तरच मराठी रूप उमटते. ही नोंद करायला काही क्षण पुरतात, पण ती करायची असते हेच अनेकांच्या गावी नसते.

नजर घडते कोठे?

या कटकटींमध्ये डिझायनरला उमेद मिळते ती जुन्या अक्षरांतून. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे ग्रंथ आजही रद्दीच्या दुकानात किंवा ग्रंथालयाच्या कपाटात हाती लागतात आणि शिशाच्या खिळ्यांतून उमटलेले ते डौलदार ‘अ’ पाहून नजर खिळून राहते. वृत्तपत्रांच्या नाट्यजाहिरातींमधून कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना चेहरा दिला. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातून कसा प्रकट होतो, याची शिकवणीच कित्येकांनी त्या कात्रणांतून घेतली. शेडगे २०२० मध्ये निवर्तले. जाहिरात क्षेत्रातून पवईच्या आयआयटीत अध्यापनासाठी आलेल्या र. कृ. जोशी यांनी लेखणीची परंपरा संगणकाशी जोडली. विंडोज २००० पासून असंख्य घरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. त्याच संस्थेत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांच्या संगमातून रुपयाचे चिन्ह साकारले. केंद्र सरकारने ते २०१० मध्ये स्वीकारले.

पुस्तकांइतकाच मोठा गुरू म्हणजे रस्ता. ट्रकच्या पाठीमागची अक्षरे, गिरणगावातील मंडळांचे फलक, पेंटरने कुंचल्याच्या एका ओढीत काढलेला ‘ज्ञ’... अशा गोष्टी दिसल्या की डिझायनरचा हात आपसूक मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे जातो. दुर्दैवाने फ्लेक्सने त्यांतील बरेच पुसून टाकले.

फॉन्ट उपलब्ध नाहीत, ही सबब मात्र आता टिकत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’, मोदकासारखाच गुबगुबीत ‘मोदक’ असे फॉन्ट विनामूल्य वापरता येतात. साधने आली आहेत. कमतरता आहे ती वेळेची आणि आस्थेची.

‘पाच मिनिटांचे तर काम!’

डिझायनरची खरी निराशा येथे सुरू होते. ‘लोगो जरा मोठा करा’, ‘हेच हवे, पण काहीतरी वेगळे करा’, ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’ ही वाक्ये या व्यवसायात पाठ झालेली असतात. संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘अगदी फायनल’ अशा फाइली साचत जातात. वळणात केलेल्या सुधारणेचा मोबदला कोणी मागत नाही, कारण ती कोणाला दिसतच नाही. सुबक अक्षर नजरेत सहज सामावून जाते. डोळ्यांत खुपते ते फक्त बिघडलेले. म्हणून चोखपणा अदृश्य राहतो आणि चूक तेवढी चारचौघांत झळकते.

ग्राहकाने तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ काही साधेल. बोधचिन्हाचा विचार सुरू होतो त्याच दिवशी मराठी नावही डिझायनरच्या हाती द्यावे. मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा. आणि नमुना मोबाइलवर न्याहाळून संमती देण्याऐवजी तो कागदावर छापून, रस्त्याच्या पलीकडून पाहावा तशा अंतरावर धरून, मोठ्याने वाचावा. तुटलेली वेलांटी आणि हरवलेला रफार तेव्हाच सापडतो.

सक्ती पाटी लावू शकते, पण ती वाचावीशी वाटणे अक्षराच्या हाती आहे. इंग्रजी नावाला मिळालेल्या महिन्यांतील एक आठवडा मराठी नावाला मिळाला, तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाट्या वाचण्याचा जुना छंद या शहराला पुन्हा जडेल.