ड्रम सँडर आणि वाकडी फळी

तर मित्रांनो, फर्स्ट इयरला रंधा मारून मारून ज्यांचे खांदे भरून आले, त्यांना हे मशीन म्हणजे स्वर्गच वाटेल! एक आडवा ड्रम, त्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर, एक मोटर आणि खाली टेबल. फळी इकडून ढकला, तिकडून गुळगुळीत बाहेर. हौशी लोक हे घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच बनवतात. १२५ मिमी व्यासाचा ड्रम १४४० आरपीएमने फिरवला तर पेपरचा वेग सेकंदाला साधारण ९.४ मीटर येतो (पाय डी एन, करून बघा).

पण गुळगुळीत म्हणजे सपाट नव्हे! ड्रम फक्त वरची बाजू टेबलाला समांतर करतो. फळीला पीळ असेल, म्हणजे दोन समोरासमोरचे कोपरे टेबलावर आणि दोन हवेत, तर दाबाखाली ती तेवढ्यापुरती सरळ होते. बाहेर आली की परत जैसे थे. जाडी सगळीकडे सारखी, पीळ मात्र तसाच. मेट्रोलॉजीचे सर 'डेटम, डेटम' करतात ते उगाच नाही.

म्हणून आधी डेटम बनवायचा. फळीपेक्षा मोठा असा एमडीएफचा सपाट पाट घ्या. त्यावर फळी ठेवून जिथे ती अधांतरी आहे तिथे पातळ पाचरी सरकवा आणि हॉट ग्लूने चिकटवा. ठोकायच्या नाहीत हं, फक्त आधार द्यायचा. ड्रम फळीला तुमच्याकडे रेटतो, म्हणून पाटाच्या तुमच्याकडच्या टोकाला एक बुटकी पट्टी हवी. फळीवर पेन्सिलीने रेघोट्या मारा. सगळ्या पुसल्या की ती बाजू सपाट. मग पाट बाजूला ठेवा, फळी उलटी करा, आणि आता सपाट बाजू थेट टेबलावर.

हावरटपणा नको. एका पासात ०.२ मिमी पुरे, तेही ८० नंबरच्या पेपरवर. घरगुती मशीनचं टेबल एका बाजूला बिजागरीवर असतं, दुसरीकडे बोल्ट. एम-१० बोल्टचा पिच १.५ मिमी, ड्रम बरोबर मध्यावर असेल तर पाव फेऱ्याला टेबल तिथे ०.१९ मिमी उचललं जातं. झालं काम! जास्त घेतलंत तर लाकूड करपतं, पेपर राळेने भरतो आणि फळीवर काळे पट्टे उठतात. ३ मिमी काढायचे तर पंधराएक पास लागणार. त्यापेक्षा उंच कोपरे आधी रंध्यानेच उतरवा... म्हणजे रंधा काही सुटला नाही!

फळी नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने घाला. त्याच दिशेने घातली तर ड्रम ती हातातून ओढून पलीकडे भिरकावतो, आणि बोटंही सोबत जाऊ शकतात. बोटाएवढे तुकडे तर घालूच नका.

आणि धूळ. रंध्याचा भुसा खाली पडतो, सँडरची धूळ मात्र हवेत तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली आहे. नाकाचा कॅन्सर त्यातला मुख्य. ड्रमवर झाकण, झाकणाला व्हॅक्यूमचा पाईप आणि तोंडावर एन-९५ मास्क. रुमाल बांधून भागत नाही.